लेकीचं दुःख कोणत्या मापानं मोजायचं?

आजचा विषय लहान वाटेल, पण तसा तो नाही. आई गेलेल्या बाईला आपण धीर कसा देतो, आणि तो तसा द्यायला आपल्याला कोणी शिकवलं? टीका करायची आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून करू.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई गेल्या. मूल तालुक्यातलं गाव. आम्ही तेव्हा वर्गात गीतेचा दुसरा अध्याय शिकवत होतो, तोच घरी येऊन सौ.ना ऐकवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अवो, ते सारं खरं असन. पण आता दिवाळीला मी जाऊ कोणाकडे?" आम्ही गप्प झालो. आम्ही आत्म्याचं उत्तर देत होतो आणि प्रश्न माहेराचा होता. भाऊ होते, घर होतं, पण दारात वाट पाहणारं माणूस गेलं होतं.

आता सूतकाचं बघा. रूढ हिशोब असा की मुलाला दहा दिवस आणि लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस, कारण तिचं गोत्र बदललं. या हिशोबाला त्याचा स्वतःचा तर्क आहे. पण सूतक हे अशौचाचं माप आहे. घोटाळा होतो तो आपण तेच माप शोकाला लावतो तेव्हा. चौथ्या दिवशी सासरी परतलेल्या बाईला "आता किती रडशील, लेकरांकडे बघ" असं म्हणतो. तर्कशास्त्रात याला कोटीची चूक म्हणतात. एका जातीच्या गोष्टीचं माप दुसरीला लावणं, ते हेच.

आपल्या साहित्यानंही या बाबतीत फारशी मदत केलेली नाही. माधव जूलियन यांची 'प्रेमस्वरूप आई' घ्या, यशवंतांची 'आई' घ्या. शोक करणारा मुलगाच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात बेचाळीस रात्री आहेत. दुसरी रात्र अक्काच्या लग्नाची आहे. पण आई गेल्यावर अक्काच्या मनाचं काय झालं, यासाठी स्वतंत्र रात्र नाही. पुस्तक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. आमचं म्हणणं एवढंच की ते वाचून आपण आईसाठी रडायला शिकलो, पण मुलाच्या जागेवरून.

मग लेक बोललीच नाही का? बोलली, जात्यावर बोलली. पुढे साने गुरुजींनीच बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' छापलं, हे त्यांचं मोठेपण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी नंतर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत आई आणि माहेर हा न संपणारा विषय आहे. पण जातं गेलं, गिरणी आली. पहाटेची ती दोन तासांची जागा, जिथं बाई हातानं दळत मनातलं बोलू शकत होती, तीही गेली. तिच्या बदल्यात आपण काय दिलं?

आपल्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्यामुळे पटाचारेची कथा इथल्या पुष्कळ घरांत माहीत आहे. नवरा, दोन मुलं, आईवडील, भाऊ, सगळे एकापाठोपाठ गेले. तिला अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही. बुद्धांनी तिला भानावर ये म्हटलं, तेवढ्यात जमलेल्यांपैकी एकानं आपलं उपरणं तिच्याकडे टाकलं. उपदेश त्यानंतर आला. हा क्रम आम्ही चाळीस वर्षं शिकवताना लक्षातच घेतला नाही. आधी पांघरूण, मग तत्त्वज्ञान. आणि पुढे शोकात बुडालेल्या बायका तिच्याकडेच येऊ लागल्या, कारण तिला त्यातलं ठाऊक होतं.

आता जंगलाकडे या. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात मोहफुलं आणि तेंदूपानांच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्या बायकांवर वाघाचे हल्ले होतात. आई सकाळी टोपली घेऊन गेली आणि परत आली नाही, असं लेकीला फोनवर कळतं. मग पंचनामा, वारसांची कागदपत्रं, मदतीचा धनादेश. मदत हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण सगळे रकमेविषयी बोलतात आणि त्या लेकीला पुढच्या हंगामात त्याच रानात पानं तोडायला जावं लागतं. तिच्यासोबत कोण जाणार, हे कोणी विचारत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. तेरवीच्या गर्दीतच बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. अनुसूचित जमातींना मात्र तो कायदा सहसा लागू होत नाही, म्हणून गोंड, माडिया लेकीची वाट आणखी अवघड. रडत्या डोळ्यांनी केलेल्या सहीला संमती म्हणायचं का? नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही नाही म्हणेल.

ऐकायचं कसं, याचा एक चांगला धडा गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' वाचा. गोईण म्हणजे मैत्रीण. तिथं गोष्ट झाडांची निघते आणि बायका आपल्या जगण्याविषयी बोलू लागतात. शोकातल्या बाईलाही "कसं वाटतंय?" असं थेट विचारू नका. आईच्या हातची भाजी कोणती, तिचं मोहाचं झाड कोणतं, ते विचारा. ती बोलेल. मध्येच गीता काढू नका.

आमची विनंती तीन गोष्टींची आहे. वर्षभर तरी कोणत्याही कागदावर सही मागू नका. पहिल्या दिवाळीला भावानं, वहिनीनं स्वतः जाऊन तिला माहेरी आणावं. आणि जंगलात जाताना पहिल्या दिवशी शेजारणींनी तिला मधे घेऊन चालावं. सौ.ना त्या दिवाळीला कोणीच न्यायला आलं नव्हतं, आणि आम्हीही त्यांना घेऊन गेलो नाही. आम्ही व्याख्यानाच्या तयारीत होतो.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.