‘पुनर्चक्रण’ : नेमके काय परत येते?

फळ्यावर ‘पुनर्चक्रण’ हा शब्द लिहिला, की विद्यार्थी एकमेकांमागे धावणारे तीन बाण काढून मोकळे होतात. पाठ्यविषयात रुळलेला हा शब्द घडणीने सदोष आहे आणि अर्थाने त्याहून अधिक.

प्रथम उच्चार पाहू. संस्कृत संधिनियमानुसार ‘पुनर्’मधील र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असताना टिकतो : पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्वसन. पुढे च आला तर त्याचा श् होतो. ‘पुनश्च’ हे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले उदाहरण. तेव्हा नियमाने ‘पुनश्चक्रण’ व्हायला हवे. परंतु रूढ शब्द मोडण्याचा आग्रह नको. भाषेच्या तासाला उदाहरण म्हणून तो सांगावा.

अर्थाचा दोष मात्र सोडून देता येत नाही. ‘चक्र’ म्हटले की वस्तू मूळ रूपात परतते असे वाटते. रहाटणीच्या परिसरातील यंत्रशाळांत निघणारा ॲल्युमिनियमचा कीस वितळवला, तर खनिजापासून धातू मिळवताना लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेत धातू पुन्हा हाती येतो. येथे शब्द बराचसा खरा ठरतो. कागदाचे तंतू मात्र दर लगद्यागणिक आखूड होतात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीपासून बहुधा कापडाचा धागा होतो; त्या कापडाची पुन्हा बाटली सहसा होत नाही. हा तर उतरता जिना झाला!

याहून प्रामाणिक शब्द मराठीत आहे : रहाट, मूळ संस्कृत ‘अरघट्ट’. त्याची गाडगी विहिरीत परततात ती रिकामी. शिवाय रहाट आपोआप फिरत नाही, कोणीतरी तो ओढावा लागतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे काम भंगार गोळा करणारे व निवडणारे करतात. चिखलीजवळच्या कुदळवाडीत अशा गोदामांची दाटी होती; फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने ती पाडली. तीन बाणांच्या चित्रात ही माणसे कोठेच दिसत नाहीत.

म्हणून हा शब्द शिकवताना तीन प्रश्न विचारावेत. काय परत आले? त्याचा दर्जा किती उतरला? ऊर्जा आणि श्रम कोणाचे? हे विचारले नाही, तर डब्यात टाकलेली पिशवी ‘परत येणारच’ असे समजून विद्यार्थी निर्धास्तपणे दुसरी मागेल.