नाकारलेला नजराणा

लंडन येथील अॅप्स्ले हाउसमध्यें सेव्हरच्या कारखान्यांतील चिनी मातीच्या भांड्यांचा एक ईजिप्ती संच आहे. फ्रान्सचा राजा अठरावा लुई यानें तो १८१८ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास भेट दिला. तेवढ्यावरून त्यास वेलिंग्टनचें विजयचिन्ह म्हणण्याचा मोह होतो. पण आमच्या मतें तें वाचन चुकीचें आहे.

मूळ हकीकत अशी. घटस्फोटानंतर नेपोलियननें जोसेफीनला सेव्हरहून ३०,००० फ्रँकांचीं भांडीं घेण्याची मुभा दिली. तिनें ईजिप्ती नक्षी पसंत केली. तसाच एक संच १८०८ सालीं रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याजकडे गेला होता. १८१२ च्या एप्रिलांत भांडीं तिच्याकडे आलीं, तेव्हां फार रुक्ष म्हणून तिनें तीं परत केलीं. लुईनें दिला तो हाच संच. पहिला लेख ठोकून त्यावर दुसरा कोरलेले ताम्रपट संग्राहकांस ठाऊक आहेत. येथें ठोकण्याचे श्रमही घेतलेले नाहींत. बूर्बाँ राजाच्या देणगींत नेपोलियनची ईजिप्तची स्वारी जशीच्या तशी राहिली!

घेणारा तर आपल्या असईचा वेलस्ली. १८०१ सालीं मुंबईहून ईजिप्तकडे निघालेल्या फौजेबरोबर तो जावयाचा होता, पण आजारी पडून मुंबईसच राहिला.

गुणदोष पाहूं गेल्यास बशा उत्तम. देनोंच्या १८०२ मधील प्रवासग्रंथांतील देखावे स्वेबाखनें त्यांवर उतरविले आहेत, आणि त्यांत प्रवाशाची नजर शिल्लक आहे. मधली मांडणी मात्र आम्हांस रुचत नाहीं. बिनझिलईच्या मातीचीं देवळें, ओबेलिस्क, मेमनॉनचे पुतळे, मेंढ्यांच्या रांगा, असा वीस फुटांहून लांब पसारा. जेवणाऱ्यास समोरचा माणूस दिसावा कसा? जोसेफीनची तक्रार आम्हांस रास्त वाटते.

राहिलीं बशांच्या कडांवरील सोनेरी चित्रलिपीचीं चिन्हें. शाँपोल्योंनें ती लिपि उलगडली १८२२ सालीं, म्हणजे संच तयार झाल्यावर दहा वर्षांनीं. काढणाऱ्यास अक्षर कळत नव्हतें. आमच्याकडील अडाणी लेखक मक्षिकास्थाने मक्षिका काढतो, म्हणूनच पाठशोधकास तो पुष्कळदां शहाण्याहून उपयोगी पडतो. सेव्हरच्या कारागिरानें चिन्हें नक्षी म्हणून मांडलीं. त्यांस पाठ समजून कोणी वाचूं नये.

१९७९ सालीं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें हा संच विकत घेतला. आमच्या हातीं नोंदवही असती तर धन्याच्या रकान्यांत आम्हीं प्रथम जोसेफीनचें नांव घातलें असतें, आणि पुढें ‘परत’ असा शेरा.