आरोग्य विम्याच्या हप्त्यातील वाढ आणि राज्य शासनाची देखरेख : एक चिकित्सा

आरोग्य विम्याचा हप्ता वाढला की विमाधारक शासनाकडे पाहतो आणि राज्य शासन केंद्राकडे बोट दाखविते. घटनेच्या दृष्टीने ही भूमिका चुकीची नाही. सातव्या अनुसूचीनुसार विमा हा संघसूचीतील (नोंद ४७) विषय होय. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने मात्र राज्यसूचीत (नोंद ६) येतात. हप्त्यावरील देखरेख १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विमा नियामक व विकास प्राधिकरणाकडे आहे. त्याचे मुख्यालय हैदराबादला, म्हणजे चाकूरकरांना मुंबईहून जवळ आहे. दाद मिळण्याच्या दृष्टीने मात्र या जवळिकीला अर्थ नाही.

साठ वर्षे व त्यावरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा निर्देश ३० जानेवारी २०२५ रोजी देण्यात आला. निर्देश स्वागतार्हच आहे. परंतु ५९ वर्षांचा विमाधारक त्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि हा विचारविनिमय कंपनी व प्राधिकरण या दोघांतच होतो. हप्ता भरणारा त्यात पक्षकारच नाही. याउलट वीजदराचा प्रस्ताव राज्य वीज नियामक आयोगापुढे आला की तो प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, जनसुनावणी होते. शेतीपंपाच्या दराविषयी बोलण्याचा जो हक्क चाकूरच्या शेतकऱ्यास आहे, तो आपल्या आजारपणाच्या विम्याविषयी नाही. अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून विम्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडेच आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अर्थात, अधिकार नसणे हे राज्याच्या मौनाचे पूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही. कारण एका ठिकाणी राज्य स्वतःच हप्ता भरणारे होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होता. लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. प्रारंभी प्रतिकुटुंब वार्षिक हप्ता ३३३ रुपये होता. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या याच योजनेचा हप्ता एप्रिल २०२० पासून ७९७ रुपये झाला. विमासंरक्षण दोन्ही वेळी दीड लाखांचेच. उपचारांची संख्या ९७१ वरून ९९६ वर गेली. लातूर-नांदेडसह १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी मधल्या काळात योजनेत आले, योजनेची माहिती झाल्याने दावेही वाढले असतील. म्हणून ही वाढ अवाजवी होती असे म्हणण्याची घाई करता येणार नाही. आक्षेप वेगळा आहे. हप्ता निविदेतून ठरला, पण दुपटीहून अधिक वाढीची कारणमीमांसा करदात्यांपुढे मांडण्याची कोणतीही तरतूद त्या प्रक्रियेत नव्हती. जेथे केंद्र आड येत नव्हते, तेथेही राज्याने देखरेखीचा पायंडा पाडला नाही.

दुसरे क्षेत्र रुग्णालयांच्या दरांचे. हप्ता वाढतो तो प्रामुख्याने दाव्यांच्या रकमेमुळे, आणि ती रक्कम रुग्णालयाच्या बिलातून येते. येथे राज्याचा हात पोहोचतो. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधण्यात आले : साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. मात्र ही सत्ता साथरोग व आपत्तीविषयक कायद्यांतून उसनी घेतलेली होती. कोविडेतर रुग्णांचे दर शासनाला असे ठरविता येणार नाहीत, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी स्पष्ट केले. त्यावर उपाय विधिमंडळाच्या हाती होता. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. त्या पत्रकावर कोणता आकडा असावा, याविषयी नियम काही बोलत नाहीत. चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयातून लातूरच्या खासगी रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णाचा नातेवाईक ते पत्रक वाचतो, अनामत भरतो. बिलाचा तोच आकडा दाव्यात जातो आणि दाव्यांच्या बेरजेतून पुढील हप्त्यात उतरतो.