ब्रॅडफर्डचा निळा रंग किती खरा?

ब्रॅडफर्ड यांचा 1976 चा पेपर पीएचडी सुरू करण्याआधी एकदा मुळातून वाचाच. छोटा, सरळ, आणि पद्धत लॉरीपेक्षा कितीतरी कमी कटकटीची: डाय टाका, 5 मिनिटं थांबा, 595 नॅनोमीटरला रीडिंग घ्या. माझी तक्रार पेपरबद्दल कमी, आपण तो कसा वापरतो याबद्दल जास्त आहे. कुमासी डाय मुख्यतः आर्जिनिनला चिकटतो, म्हणजे रंग किती येणार हे प्रोटीनच्या घडणीवरही ठरतं. स्टँडर्ड मात्र आपण डोळे झाकून बीएसए घेतो. आणि तो तर जरा जास्तच निळा होतो! त्याच्या कर्व्हवर मोजलेली अँटिबॉडी जवळपास निम्मीच दिसते. मी तशीच मोजली आणि महिनाभर बिचाऱ्या कॉलमला दोष देत बसलो. अँटिबॉडी मोजायची असेल तर स्टँडर्डही आयजीजीचंच लावा.