‘अरे, निघा ना तिथून!’ : झपाटलेली घरं आणि वाचकाचा एक हट्टी प्रश्न

झपाटलेल्या घराची कादंबरी वाचताना हे तुम्हीही केलेलं असणार. भिंतीच्या आतून ठकठक ऐकू येते, रात्री कडी लावलेलं दार सकाळी उघडं सापडतं, आणि आपण पुस्तकाकडे बघून म्हणतो, ‘अरे, निघा ना तिथून!’ ते काही निघत नाहीत. निघाले तर पुस्तक पन्नास पानांत आटपेल हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तरी आपण ओरडतोच.

माझ्या थिसिसचं एक अख्खं प्रकरण या ओरडण्यावर आहे. (‘भुतांवर पीएचडी?’ हा प्रश्न आता सवयीचा झालाय. नाही, भुतांवर नाही, घरांवर.) आज ते प्रकरण तुम्हाला सोप्या भाषेत सांगते. पुढे बऱ्याच कादंबऱ्यांचे शेवट फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबा.

आधी थोडी थिअरी, थोडीच. फ्रॉइडने १९१९ साली एक निबंध लिहिला. त्यातला मुख्य जर्मन शब्द आहे ‘उनहाइमलिश’. त्याच्या पोटात ‘हाइम’, म्हणजे घर, बसलंय. जे ओळखीचं, घरचं, तेच परकं होऊन समोर येतं तेव्हा खरी भीती वाटते, असा त्याचा मुद्दा. आपल्याकडे म्हणतातच ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पुढे १९७० मध्ये तोदोरोव्हने वाचकाकडे लक्ष वेधलं : हे भूत आहे की पात्राच्या मनाचा खेळ, हे ठरत नाही तोवरच अशा गोष्टीची खरी जादू टिकते. दोघांचंही मला पटतं. पण मुरलेल्या वाचकाला दोन्ही अपुरं पडतं. वीस-पंचवीस कादंबऱ्या वाचून झाल्या की ठकठक ऐकून अंगावर काटा येत नाही. भूत आहे की नाही याचंही फारसं काही वाटत नाही. शिल्लक राहतो तो एकच प्रश्न : ही माणसं जात का नाहीत?

माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर लेखक किती प्रामाणिकपणे देतो, यावर कादंबरीची किंमत ठरते.

सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे बाहेरून कोंडणं. पूल वाहून गेला, फोन बंद पडला, गाडी सुरू होईना. वाचक हे चालवून घेतो, पण त्यात दम नसतो. रिचर्ड मॅथेसनची ‘हेल हाऊस’ (१९७१) याच्या एक पायरी वर आहे. मृत्यूनंतर काही उरतं का हे शोधण्यासाठी एक मरणपंथाला लागलेला श्रीमंत म्हातारा प्रत्येकी एक लाख डॉलर देऊन माणसं त्या घरात पाठवतो. पैसा आणि अहंकार, दोन्ही कारणं पटतात. पण पुढे पुस्तक घराचं कोडं सोडवायच्या मागे लागतं, यंत्रं येतात, खुलासे येतात. कोडं सुटलं की घर म्हणजे नुसती इमारत उरते. पहिल्या वाचनात धडकी भरवणारी ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना मला सपाट वाटली.

पैशाचं उत्तर यापेक्षा खोल नेता येतं. १९७५ च्या डिसेंबरात एक कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या अ‍ॅमिटीव्हिलमध्ये ऐंशी हजार डॉलरला घर घेतं. तिथे वर्षभरापूर्वी एकाच कुटुंबातल्या सहा जणांचा खून झालेला. अठ्ठावीस दिवसांत ते घर सोडून पळतात. जे अ‍ॅन्सनचं ‘द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर’ (१९७७) हे पुस्तक ‘सत्यकथा’ म्हणून खपलं. ते कितपत सत्य यावर पुढे बराच वाद झाला. भाषा म्हणाल तर सामान्य. पण स्टीफन किंगने ‘डान्स मकाब्र’मध्ये (१९८१) या गोष्टीवर आलेल्या सिनेमाबद्दल एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे : तिथली खरी भीती भुताची नाहीच, घरापायी रिकाम्या होत जाणाऱ्या बँकखात्याची आहे. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. सगळी पुंजी ज्या भिंतींत घातली, त्या भिंतींतून रक्त आलं तरी माणूस आधी प्लंबर बोलावतो.

रॉबर्ट मरास्कोची ‘बर्न्ट ऑफरिंग्ज’ (१९७३) हेच जास्त कौशल्याने करते. शहरातल्या फ्लॅटमध्ये घुसमटलेलं कुटुंब, आणि उन्हाळाभरासाठी नऊशे डॉलरमध्ये एक अवाढव्य बंगला. एवढं स्वस्त का, हे विचारायचं धाडस मारियनला होत नाही, कारण उत्तर ऐकलं तर बंगला हातचा जाईल. ती चांदी घासते, लाकूड चमकवते. घर दिवसेंदिवस तरुण होतं आणि घरातली माणसं झिजत जातात. इथे दार उघडं आहे, रस्ता मोकळा आहे. मारियनला त्या घरात राहायचं आहे, हीच कडी.

आता किंगची ‘द शायनिंग’ (१९७७). ज्यांनी फक्त क्युब्रिकचा १९८० चा सिनेमा पाहिलाय, त्यांना कादंबरी वाचायचा आग्रह मी यासाठी करते की सिनेमात आपला प्रश्न हरवतो. निकल्सनचा जॅक पहिल्या मुलाखतीपासूनच बिथरलेला दिसतो. त्यामुळे ‘ही बाई याच्यासोबत थांबलीच कशी’ असं वाटून आपण वेंडीवरच चिडतो. कादंबरीतल्या वेंडीकडे कारणं आहेत. नवऱ्याने दारूच्या भरात मुलाचा हात मोडलाय. पण आता त्याने दारू सोडलीय. त्याची शिक्षकाची नोकरी गेलीय आणि हे हॉटेल सांभाळण्याचं काम ही शेवटची संधी आहे. घटस्फोटाचा विचार तिने केलाय. माहेर म्हणाल तर आई पावलोपावली अपमान करणारी. बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आधीच तिचे रस्ते बंद झालेले आहेत. ओव्हरलुक हॉटेल फक्त त्यावर कुलूप घालतं.

इथे आपलं ओरडणं मला अडचणीचं वाटायला लागतं. ‘निघा ना तिथून’ म्हणणारा वाचक गृहीत धरतो की जायला दुसरं घर आहे. हाच प्रश्न आपण पुस्तकाबाहेरही विचारतो. एखादी बाई वर्षानुवर्षं मार खाल्ल्याचं कळलं की पहिलं वाक्य काय येतं? ‘मग सोडून का नाही गेली?’ सूर अगदी तोच. कादंबरीत तो चालून जातो. पण चांगली कादंबरी आपल्याला त्या प्रश्नाचं उत्तर तीनशे पानं ऐकायला लावते, आणि खऱ्या आयुष्यात आपण तेवढं थांबत नाही.

या सगळ्यांत मी वरचा क्रमांक देते शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ला (१९५९). एलेनॉर बत्तीस वर्षांची. अकरा वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेली. आई गेल्यावर बहिणीच्या घरी आश्रित. जिचे अर्धे पैसे तिने भरले ती गाडीसुद्धा बहीण-मेहुणे देत नाहीत, म्हणून ती गुपचूप घेऊन निघते. हिल हाऊसमध्ये रात्री दारावर धडका बसतात, भिंतीवर तिचं नाव उमटतं, तिला घरी बोलावलं जातं. आपण घाबरतो. ती मात्र हळूहळू सुखावत जाते, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुठलं तरी घर तिला नावाने बोलावतंय. शेवटी इतर लोक तिला जबरदस्तीने बाहेर काढतात आणि तीच जायला नकार देते. आपल्या लाडक्या प्रश्नाची जॅक्सनने पार उलटापालट करून टाकली. गाडी झाडाकडे नेताना अगदी शेवटच्या क्षणी एलेनॉरला वाटून जातं, मी हे का करतेय? तोवर उशीर झालेला असतो.

लहानपणी घरात अभद्र बोललं की आजी दटावायची : ‘वास्तू तथास्तु म्हणते.’ हिल हाऊसबद्दल वाचलेल्या कुठल्याही इंग्रजी समीक्षेपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. ते घर शाप देत नाही. एलेनॉरची ‘मला कुठेतरी माझं म्हणून राहायचंय’ ही इच्छा ऐकतं, आणि तथास्तु म्हणतं.

मराठीत नारायण धारप वाचून वाढलेल्यांना जॅक्सन सुरुवातीला जड जाते, त्याचं कारणही इथेच आहे. धारपांच्या समर्थकथांमध्ये समर्थ येतात आणि अरिष्टाशी दोन हात करतात. घर साफ होऊ शकतं हा दिलासा त्या कथांच्या मुळाशी आहे, आणि तो काही कमी दर्जाचा नाही. रात्री दिवा मालवून झोपायचं असेल तर तोच हवा. हिल हाऊसमध्ये डॉ. माँटेग्यू आहेत, अभ्यासू, भले, आणि अगदीच कुचकामी. जॅक्सनने पहिला परिच्छेद शेवटी जवळपास जसाच्या तसा पुन्हा ठेवलाय : एक बाई मेली, आणि घरात काहीही बदललं नाही.

पुढच्या वेळी अशी कादंबरी हातात घ्याल तेव्हा जरूर ओरडा. फक्त ओरडून झालं की पात्राच्या जागी बसून एक साधा हिशोब करून बघा : आज रात्री निघायचं तर कुठे जाईन, कुणाकडे, आणि किती दिवस ठेवून घेतील? उत्तर पटकन सापडलं, तर पुस्तक बहुधा मध्यम आहे. सापडलंच नाही, तर ते पूर्ण वाचा. आणि वाचून झालं की मला नक्की कळवा, माझी यादी अजून वाढतेच आहे.