‘नाही’ म्हणण्याची किंमत : ट्रान्स स्त्रियांची आत्मकथनं वाचताना

ट्रान्स स्त्रीचं आत्मकथन हातात घेतलं की वाचक एक पान शोधत असतो. खरं सांगायचं तर समीक्षकही तेच शोधत असतात. ऑपरेशनचं पान. ते सापडलं की वाचणाऱ्याला पुस्तक ‘कळलं’ असं वाटतं. त्याआधीचं सगळं प्रस्तावना, त्यानंतरचं सगळं उपसंहार. आज आम्ही या सवयीबद्दल बोलणार आहोत. ही सवय फक्त वाचनाची राहिलेली नाही. कायदा, दवाखाना, सिनेमा, घरची माणसं, सगळे तेच पान मागतात, आणि मग बाईला आपल्या शरीराबद्दलचा निर्णय त्या मागणीच्या दडपणाखाली घ्यावा लागतो.

तीन पुस्तकं समोर ठेवू. लिव्हिंग स्माइल विद्या यांचं मूळ तमिळ ‘नान विद्या’. ए. रेवती यांचं, व्ही. गीता यांनी तमिळमधून इंग्रजीत आणलेलं आणि 2010 मध्ये आलेलं ‘द ट्रुथ अबाउट मी’. आणि आपल्या मराठीतलं, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’. तिघींनी वेगवेगळे निर्णय घेतले. वाचताना ‘हिचं ऑपरेशन झालं का’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो आणि त्याऐवजी विचारतो : हिला ‘नाही’ म्हणायचं असतं, तर काय किंमत पडली असती? आणि ‘हो’ म्हणायला काय पडली?

विद्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्या पुस्तकाची रचनाच बोलकी आहे. ज्याला आपण कळस समजतो तो प्रसंग त्यांनी पहिल्याच प्रकरणात ठेवलाय. भाषाशास्त्रात एम.ए. झालेली ही मुलगी पुण्यात येते, दुकानांसमोर आणि रेल्वेच्या डब्यांत टाळी वाजवून पैसे मागते, आणि त्या पैशांतून आंध्रातल्या कडप्पाला जाऊन ऑपरेशन करून घेते. आधी समुपदेशन नाही, नंतर देखभाल नाही. साधनं तुटपुंजी, वेदना अफाट, आणि तशा अवस्थेत परतीचा रेल्वेप्रवास. पुण्यातल्या वाचकांनी हे जरा थांबून वाचावं असं आम्हाला वाटतं. आपण खिडकीकडे तोंड फिरवून जे दोन-पाच रुपये दिले किंवा दिले नाहीत, त्यांचा हा हिशेब आहे.

इतक्या शिकलेल्या मुलीनं असा दवाखाना का निवडावा, असं पहिल्या वाचनात वाटतं. पण निवडायला दुसरं होतं काय? भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये गंभीर दुखापतींची यादी होती आणि तिच्यातला पहिलाच प्रकार होता पौरुष नष्ट करणं. डॉक्टरांच्या मनातली धास्ती तिथून यायची. रुग्णाची संमती असली तरी उद्या कुणी तक्रार केली तर? मोठ्या शहरांत काही सर्जन ही कामं करत होते, पण त्यांची फी आणि मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं रेल्वेत पैसे मागणाऱ्या बाईच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मग एकीकडे दाईचा सुरा आणि दुसरीकडे कडप्पासारखा घाईचा दवाखाना. तमिळनाडूनं 2008 मध्ये कल्याण मंडळ काढलं आणि त्या सुमारास सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत मिळू लागली, ही त्या मानानं फार मोठी गोष्ट.

आता इथे एक वैद्यकीय मुद्दा नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं बोलणं हवेत राहील. वर्तमानपत्रं ‘लिंगबदल शस्त्रक्रिया’ म्हणतात आणि आपल्या डोळ्यांपुढे एक दिवस, एक टेबल, एक बदल येतो. प्रत्यक्षात हे पाच-सहा वेगवेगळे निर्णय आहेत, आणि ते एकमेकांना बांधलेले नाहीत. हार्मोन घेणं हा एक. इस्ट्रोजेन, आणि जोडीला टेस्टोस्टेरॉन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉनसारखं औषध. तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते, ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं जातात, आणि औषध थांबवलं तरी ती मागे जात नाही. त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. पण फुटलेला आवाज इस्ट्रोजेननं परत बारीक होत नाही. दाढी जात नाही, तिला लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस लागतं. प्रजननक्षमता घटते आणि ती परत येईलच याची खात्री देता येत नाही, म्हणून शुक्राणू साठवायचे तर आधीच. वृषण काढणं हा वेगळा निर्णय. योनिरचना आणखी वेगळा, कारण तिच्यानंतर नवी पोकळी आवळू नये म्हणून महिनोन्‌महिने, पुढेही नियमितपणे, डायलेटर वापरावा लागतो. त्यासाठी दार बंद करता येईल अशी खोली लागते. हसू नका, ही फार गंभीर वैद्यकीय गरज आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चौघीजणी राहत असतील तर सर्जन कितीही निष्णात असो, उपयोग काय?

विद्यांचं झालं ते यातलं एकच : लिंग आणि वृषण काढणं. परंपरेत त्याला निर्वाण म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण शरीरशास्त्र त्याला बधत नाही. वृषण गेले की शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं, आणि बाहेरून इस्ट्रोजेन मिळालं नाही तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे ऑपरेशननं औषध सुटत नाही, उलट जन्माचं लागतं. हे किती जणींना आधी सांगितलं गेलं असेल? मग मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणल्या जातात, जास्त घेतल्या की लवकर फरक पडेल म्हणून दुप्पट-तिप्पट घेतल्या जातात. त्या गोळ्यांतलं एथिनाइल इस्ट्राडायोल रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं. म्हणूनच या उपचारासाठी ते वापरू नये असं डॉक्टर सांगतात. पण सांगायला डॉक्टर तर भेटायला हवा.

रेवतींच्या पुस्तकात दुसरा ताण आहे. नामक्कलच्या बाजूच्या गावात भावांचा मार खाऊन निघालेली ही मुलगी, जमातीत तिला घर मिळतं. पण त्या घराला उतरंड आहे. निर्वाण झालेलीचा मान वेगळा, न झालेलीचा वेगळा. गुरू तिला दाईकडे न पाठवता डॉक्टरकडे पाठवते आणि त्यानंतरचे 40 दिवस, पथ्यं, आरशात न पाहणं, शेवटी देवीची पूजा, हे सगळं रेवती फार बारकाईनं लिहितात. सुधारक वाचकाला इथे गुरूमध्ये फक्त शोषण दिसतं. आम्हाला ते वाचन अपुरं वाटतं. त्या 40 दिवसांत जी शुश्रूषा होते, गरम पाणी, जेवण, रात्री उठून बघणारं कुणीतरी, ती त्या काळात दुसरी कुठली संस्था देत होती? पण म्हणून ती संमती मोकळी ठरत नाही. रेवतींना हे हवंच होतं, ते प्रत्येक पानावर दिसतं. तरीही ज्या घरात मान शरीरावर मोजला जातो, तिथे नको असणारीला ‘नको’ म्हणायला जागा कमी असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि रेवतींनी त्या एकाच वेळी लिहिल्यात. पुस्तकाचं बळ तिथे आहे.

लक्ष्मी यांच्या आत्मकथनात उलटं उत्तर मिळतं. आपण निर्वाण करून घेतलेलं नाही हे त्या उघड सांगतात, आणि हिजडा असण्यासाठी त्याची सक्ती नाही असं ठासून म्हणतात. मराठीत हे छापून आलं ही मोठीच गोष्ट. पण आमचा प्रश्न इथेही लावून बघा. लक्ष्मींना ‘नाही’ म्हणणं परवडलं, कारण ठाण्यात आई-वडिलांचं घर होतं आणि ते दार बंद झालं नव्हतं. नृत्याचे वर्ग होते, भाषा होत्या. या पायावर त्यांचा ठामपणा उभा आहे. पुस्तक तो ठामपणा स्वभावाच्या खात्यावर मांडतं. आमच्या मते निम्मा तरी घराच्या खात्यावर मांडायला हवा होता.

कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडच्या गरिबीचं. तर मग जॅन मॉरिस यांचं ‘कनन्ड्रम’ घ्या, 1974 मधलं. नावाजलेली ब्रिटिश लेखिका, हाताशी पैसा, सोबतीला समजूतदार पत्नी. पण ब्रिटनमधल्या डॉक्टरांची अट अशी की आधी घटस्फोट घ्या, मग ऑपरेशन. मॉरिस यांनी ती नाकारली आणि 1972 मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांकात डॉ. जॉर्ज ब्युरू यांच्याकडे शस्त्रक्रिया करून घेतली. किंमत तिथेही होती, फक्त चलन वेगळं.

पाश्चात्त्य आत्मकथनांबद्दल सँडी स्टोन या अभ्यासिकेनं एक मार्मिक निरीक्षण नोंदवलंय. हॅरी बेंजामिन यांचं या विषयावरचं पुस्तक 1966 मध्ये आलं, आणि डॉक्टर त्यातले निकष लावून रुग्ण निवडू लागले. रुग्णांनीही ते पुस्तक वाचलं होतं! मग डॉक्टरांना जी कहाणी ऐकायची तीच सांगितली गेली : लहानपणापासून बाहुल्या, चुकीच्या शरीरात अडकल्याची भावना, बाकी कसलीही शंका नाही. शंका बोलून दाखवली की उपचार हुकणार. आपल्या तीन पुस्तकांचा मोकळेपणा यावरून कळतो. ती कुठल्याच डॉक्टरकडून पास मिळवायला लिहिलेली नाहीत.

म्हणजे डॉक्टरांनी काहीच विचारू नये का? असं आम्ही म्हणत नाही. जे परत फिरवता येत नाही त्याआधी वेळ द्यावा, पर्याय सांगावेत, तोटे सांगावेत. पश्चात्ताप होणाऱ्या स्त्रिया आहेत. बहुतेक अभ्यासांत त्यांचं प्रमाण कमी आढळलंय, पण पाठपुराव्यातून बरेच रुग्ण गळतात हा आक्षेपही खरा आहे. मुद्दा असा की पहारा देणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं. डॉक्टरांच्या मार्गदर्शक संहिताही त्याच दिशेला सरकल्यात. सातव्या आवृत्तीत जननांगांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन तज्ज्ञांची पत्रं आणि साधारण वर्षभराचे हार्मोन होते. 2022 च्या आठव्या आवृत्तीत एक पत्र आणि किमान सहा महिने. केरळमधल्या अनन्या कुमारी अलेक्स यांचं उदाहरण आठवा. 2020 मधल्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या वेदनांबद्दल त्या जाहीरपणे बोलत राहिल्या आणि जुलै 2021 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधी दहा जण प्रश्न विचारतात, नंतर विचारणारा एक नसतो.

कायद्याचं पान लवकर उलटू. 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं ओळख स्वतःची स्वतः ठरवायची हे मान्य केलं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला. 2019 चा कायदा आला तेव्हा त्याच्या कलम 7 नं ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असा दाखला हवा असेल तर शस्त्रक्रियेचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं. 2020 च्या नियमांनी ‘वैद्यकीय उपचार’ या शब्दात समुपदेशन आणि हार्मोनही धरले, त्यामुळे धार थोडी बोथट झाली. पण दारात उभं राहून शरीराचा कागद मागणं राहिलंच. उपचार हा प्रवेशाचा दाखला झाला की तो उपचार राहत नाही.

आणि सिनेमा. ‘चंदीगढ करे आशिकी’ (2021) चांगल्या हेतूनं केलेला आहे, मानवीला त्यात आत्मसन्मान आहे. तरी बघा, कथा सुरू होण्याआधीच तिच्या सगळ्या शस्त्रक्रिया उरकलेल्या आहेत. नायकाला स्वीकारायचा आहे तो फक्त तिचा भूतकाळ. ती ऑपरेशन न केलेली असती तर? तो प्रश्न उद्भवणारच नाही अशी तजवीज पटकथेनं करून ठेवली आहे. मानवीची भूमिका ट्रान्स नटीला दिली नाही, हाही त्याच सोयीचा भाग.

तिन्ही पुस्तकांविषयी आमची एक तक्रार आहे. त्यांत हार्मोन जवळजवळ दिसत नाहीत. सुऱ्याला नाट्य असतं, गोळीला नसतं. रोज सकाळी एक गोळी, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, छातीत दुखणारी गाठ, अचानक भरून येणारे डोळे, आणि दोन वर्षांनी एखाद्या दिवशी रिक्षावाल्यानं विचार न करता ‘ताई’ म्हणणं. पुष्कळजणींच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडतं ते हे. कित्येकजणी इथेच थांबतात, पुढचं त्यांना नकोच असतं. असं संथ, रोजचं आत्मकथन मराठीत आम्हाला तरी अजून वाचायला मिळालेलं नाही. विद्यांचं पुस्तक त्याच्या सर्वांत जवळ जातं, कारण पहिल्या प्रकरणात ऑपरेशन आटोपल्यावर उरलेल्या पानांत त्या आपली सगळी ताकद नोकरी मिळवण्यात आणि कागदपत्रांवरचं नाव बदलून घेण्यात खर्च करताना दिसतात.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.