उद्दिष्टनिश्चितीची पद्धती : एक चिकित्सा
पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापनाची संकल्पना मांडली. वाशिम जिल्ह्याचा समावेश असलेला, २०१८ मध्ये सुरू झालेला आकांक्षित जिल्हा कार्यक्रम त्याच विचाराशी नाते सांगतो. ४९ निर्देशक व प्रगतीनुसार मासिक क्रमवारी ही त्याची मोजपट्टी होय. तीमुळे जिल्ह्यांची तुलना शक्य होते, हा गुण मान्यच करावा लागेल. परंतु शिरपूर जैनसारख्या गावातील शिक्षिका वा आशा स्वयंसेविका यांच्या हाती प्रयत्न असतो, निर्देशक नसतो. कुपोषणातील घट हे कुटुंब, अंगणवाडी व आरोग्य केंद्र यांच्या संयुक्त प्रयत्नांचे फलित असते. म्हणून व्यक्तीसाठी कृतीचे उद्दिष्ट आणि गटासाठी विचारविनिमयाने ठरलेले फलिताचे उद्दिष्ट, असा विवेक आवश्यक ठरतो. अन्यथा कामाऐवजी नोंदीच सुधारल्या जाण्याचा धोका संभवतो.